पहिलं त्याचं, मग तिचं

आमच्या सरांना कुणी डॉक्टर म्हटलं की ते चिडायचे. "मी डॉक्टर नाही, मी तपासणारा माणूस आहे," असं म्हणायचे आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावायचे. भिवंडीत एका अरुंद गल्लीत त्यांची दीड खोलीची लॅब होती. रक्त, लघवी, थुंकी सगळं तिथं तपासलं जायचं, पण सर ओळखले जायचे ते एकाच खोडीसाठी. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की ते आधी नवऱ्याला विचारायचे, "तुझं तपासलंय का?" यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, काम करणारा कुणी असला तर हिंदीत, "पहले तुम्हारा, फिर इनका." निम्मे नवरे तिथूनच मागे फिरायचे. त्यामुळं लॅब कधी धड चालली नाही, आणि सरांना त्याचं काही वाटायचंही नाही.

मी बारावीनंतर त्यांच्याकडे काउंटरवर लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भिंतीवरच्या दोन चित्रांसमोर उभं केलं. एक बाईच्या आतल्या अवयवांचं, एक पुरुषाच्या. दोन्ही सरांनी स्वतः काढलेली, पेन्सिलीनं. दर दिवाळीला ते ती पुन्हा गिरवायचे. लोक घराला रंग देतात, तसे. "वाच," म्हणाले. मी गर्भाशय वाचलं, बीजांडकोश वाचला, दुसऱ्या चित्रापाशी आल्यावर गप्प बसले. माझ्या घरी असल्या गोष्टींना 'तिथलं' म्हणायची पद्धत होती. सर म्हणाले, "वृषण. दहा वेळा म्हण." मी म्हटलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं नसेल. ते म्हणाले, "ज्याचं नाव घेता येत नाही, त्याची तपासणी होत नाही." मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की ही नोकरी काही मला जमायची नाही. आई म्हणाली, पगार होईस्तोवर तरी जमव. बारा वर्षं जमवली.

सरांचा सगळा सरंजाम म्हणजे एक जुना मायक्रोस्कोप, एक भिंतीवरचं घड्याळ आणि शर्टाच्या खिशात पेन्सिल नि खोडरबर. पेननं ते काही लिहायचे नाहीत. रजिस्टरसुद्धा पेन्सिलीनंच. "चूक खोडता आली पाहिजे," म्हणायचे. शेजारच्या कारखान्यात दिवसभर लूम चालायचे, त्यांच्या हादऱ्यानं आमचं टेबल थरथरायचं आणि मायक्रोस्कोपखाली सगळंच नाचायचं. सरांनी टेबलाच्या पायांखाली टायरचे तुकडे ठेवले, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून पुरुषांची तपासणी फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना. त्या दिवशी आख्खी गल्ली मुकी व्हायची. सर सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचे आणि कुणी जोरात बोललं तरी वैतागायचे.

लॅबमध्ये खुर्ची एकच. ती बाईची. नवरा उभा, सासू उभी, सासरा आला तर तोही उभा. एकदा वडप्याचे कुणी जमीनवाले आले, चार गोदामं भाड्यानं दिलेली, गळ्यात साखळी. सून खुर्चीत नि आपण उभे, हे त्यांना सहन होईना. "आम्हाला बसायला न्हाय का काय?" सर म्हणाले, "तुम्ही आजारी आहात का?" "न्हाय." "मग उभे राहा."

दुसरा नियम शब्दाचा. 'वांझ' हा शब्द लॅबमध्ये चालत नसे. जो उच्चारेल त्यानं चपला काढून बाहेर पायरीवर जायचं, शंभर अंक मोजायचे आणि मग आत यायचं. एक सासू एकाच दुपारी तीनदा बाहेर गेली. तिसऱ्यांदा आत आली तेव्हा तोंडावर पदरच धरून आली. त्या सुनेला मी पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि मलाही हसू आवरेना. तेव्हा आम्ही हसू शकत होतो.

आणि एक. वीर्याचा नमुना तपासून झाला की सर त्या माणसाला बोलावून स्वतः मायक्रोस्कोपमधून बघायला लावायचे. लूमवरचा एक बिहारी कारागीर डोळा लावून बराच वेळ तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, "ये सब मेरे हैं?" सर म्हणाले, "और क्या मेरे हैं?" "इसमें बेटा कौन सा है, साहब?" सर म्हणाले, "सूरत से पता नहीं चलता. लेकिन बेटा हो या बेटी, तय यहीं से होता है. घर जाके अपनी माँ को बोल." माणूस मान खाली घालून गेला. सर दिवसभर खुशीत होते, दोन कप चहा प्यायले.

शेवटचा नियम सगळ्यांत कडक. नमुना इथंच द्यायचा, मागच्या संडासात. घरून बाटली आणली तर सर तपासायचे, पण रिपोर्टवर खाली ओळ लिहायचे: नमुना माझ्यासमोर घेतलेला नाही, खात्री देत नाही. रजिस्टरमध्ये त्यासाठी एक रकाना होता. 'इथेच' किंवा 'घरून'. तो भरायचं काम माझं.

आता वनिताचं सांगते. सर आठवले की तिच्यावर यावंच लागतं.

वनिता अंजूर गावची. लग्न होऊन आमच्या चाळीत आली, आमच्यापासून चौथ्या खोलीत. माझ्याच वयाची. नवरा वडप्याच्या गोदामांतून टेम्पो चालवायचा, घरात सासू नि धाकटा दीर. तीन वर्षं झाली, मूल नाही. सासू येता-जाता तोंड सोडायची. वनिता लॅबमध्ये आली ती माझ्या ओळखीनं, आणि सरांनी विचारायचं ते विचारलंच. "त्याचं कुठाय?" नवरा तयार होईना. तोवर तिच्या तपासण्या तरी होऊ देत म्हणून मीच सरांच्या मागे लागले. सगळ्या झाल्या, फोटो सरांनी बाहेरून काढून आणायला लावले. नळ्या मोकळ्या, बीज वेळच्या वेळी तयार होत होतं, गर्भपिशवीचा फोटो चांगला. सरांनी रिपोर्ट तिच्याच हातात दिले आणि म्हणाले, "तुझं सगळं नीट आहे. आता तो."

वर्षभर ती नवऱ्याच्या विनवण्या करत होती. कधी रडून, कधी अबोला धरून. शेवटी एका गुरुवारी नळावर मला म्हणाली, "उद्या येणार हाय तो. पण तुमच्या त्या संडासात त्याला न्हाय जमायचं, बाहेर माणसं उभी असतात. घरून आणला तर घेशील ना गं? आता न्हाय झाला तर पुन्हा न्हाय व्हायचा तयार."

शुक्रवारी सकाळी तो आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली, माझ्याकडं न बघता काउंटरवर ठेवली. "ताई, आत्ताच दिलाय, दहा मिनिटं पण न्हाय झाली. गाडी लावायचीय वडप्याला." सर आत हात धूत होते. मी त्याला संडासाकडं बोट दाखवायला हवं होतं. मला लाज वाटली. चाळीतला माणूस, रोज समोर दिसणारा. त्याला रिकामी बाटली देऊन तिकडं जा, असं कसं म्हणायचं? आणि 'घरून' लिहिलं असतं तर ती ओळ आली असती, आणि सासूनं त्या ओळीवरून पुन्हा वनितालाच फाडून खाल्लं असतं. असा सगळा विचार मी केला, आणि रकान्यात लिहिलं: इथेच.

रिपोर्ट उत्तम आला. सर म्हणाले, "दोघंही नीट आहेत, वाट बघा." पण घरात त्याचा अर्थ एकच निघाला. ह्याचं चांगलं, म्हणजे खोट तिच्यात. आमच्या लॅबच्या कागदावरच सासू बोट ठेवायची. कुठल्याशा गल्लीत एक माणूस होता, दवाखान्यावर पाटी नाही, तो 'पिशवी साफ' करून द्यायचा. सासू तिला तिथं घेऊन गेली. एकदा नेली, दोनदा नेली. सर मला म्हणाले, "तिला सांग, घाण नाहीये तिथं काही. साफ कसलं करतात?" मी सांगितलं. वनिता म्हणाली, "मी न्हाय बोलून कुठं जाऊ?" तिसऱ्यांदा केल्यावर ताप आला, पू झाला. ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. जीव वाचवायला पिशवी काढावी लागली. सव्वीस वर्षांची होती. सहा महिन्यांत तिला अंजूरला सोडून आले, सोडचिठ्ठीच्या कागदांवर सह्या घेतल्या, आणि पुढच्या वर्षी नवी सून आणली. तिलाही दोन वर्षांत काही झालं नाही.

ह्या सगळ्यात मला वाईट वाटायचं, पण अपराधी नाही वाटायचं. रिपोर्ट चांगला होता ना. बाटली घरून आली काय, इथं दिली काय.

मग एका शुक्रवारी तो धाकटा दीर आला. त्याचंही लग्न होऊन वर्ष झालं होतं. नियमाप्रमाणं गेला, बाटली देऊन आला, अगदी हसत. सरांनी तपासलं, त्याला बोलावलं, बघ म्हणाले. त्यानं डोळा लावला नि म्हणाला, "मागच्या टायमालापण माझं चांगलंच आलेलं ना, सर."

"मागच्या कधी?"

"दादाच्या नावावर. त्याला भीती वाटायची, तर तो बोलला तू दे. मी दिला."

सर उभे होते ते स्टुलावर बसले. "आणि तुला काही वाटलं नाही?"

"त्याच्यात काय?" पोरगा खरोखर गोंधळला. "सख्खे भाऊ आम्ही. एकच रक्त हाय. त्याचं नि माझं काय वेगळं असणार?"

तो खोटं बोलत नव्हता. रेशनच्या रांगेत भावाच्या जागी उभं राहावं, तसा तो राहिला होता. सरांनी त्याला रिपोर्ट दिला आणि जायला सांगितलं. मग रजिस्टरची जुनी थप्पी काढली. मी काउंटरपाशी उभी होते. त्यांना पान सापडलं. त्यांनी माझं अक्षर बघितलं, मग माझ्याकडं.

"इथेच?"

मी म्हटलं, "घरून."

तो शब्द पेन्सिलीनं लिहिलेला होता. एवढी वर्षं मला तो कधीही खोडता आला असता, आणि माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वाटलं आता ओरडतील, हाकलतील. त्यांनी रजिस्टर मिटलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडून काय होणार? माझी पण चूक आहे. ज्याच्या घरचं प्रकरण आहे त्याच्या शेजारणीला मी तो रकाना भरायला दिला." पुढं म्हणाले, "रविवारी अंजूरला जायचं."

मी म्हटलं, "सर, रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नसतो, तुम्हीच म्हणता."

"तो त्याचा रिपोर्ट नव्हताच. मग गुपित कुणाचं?"

रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. सरांनी बाईचं चित्र भिंतीवरून काढून गुंडाळून घेतलं होतं. ते चित्र लॅबच्या बाहेर पडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. वाटेत जिथं पूर्वी भातशेती होती तिथं गोदामांचे पत्रे चमकत होते. सर चित्र लहान मुलासारखं मांडीवर धरून बसले होते.

वनिता राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जायची, रविवारी घरी असायची. बारीक झाली होती. तिच्या आईनं सरांना खुर्ची आणून दिली. सर म्हणाले, "तिला बसू दे." वनिता बसली. आई दाराशी, मी भिंतीला टेकून. सरांनी सगळं सांगितलं. बाटली, दीर, रजिस्टर. माझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून चूक झाली" म्हणाले. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "मी लिहिलं इथेच म्हणून. मी."

वनितानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मीच बोललेली ना तुला, घरून घे म्हणून."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही मला तेच वाटतं.

"म्हणजे त्याच्यात खोट हाय?" तिच्या आईनं विचारलं.

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "त्याचं कधी तपासलंच गेलं नाही. माहीत आहे ते हिचं." त्यांनी चित्र उलगडून भिंतीला धरलं आणि बोटानं एकेक दाखवत गेले. "हे बीजांडकोश. हिचे नीट होते. ह्या नळ्या. मोकळ्या होत्या. हे गर्भाशय. चांगलं होतं. ह्यात काही घाण नव्हती, कधीच नव्हती." आईनं तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं पोरीच्या पोटात काय बिघडलं होतं, म्हणून ती देवाला विचारत होती.

वनिता चित्राकडं बघत होती. म्हणाली, "आणि आता? आता माझ्यात काय काय राहिलंय ते दाखवा."

सरांनी गर्भाशयावर तळहात ठेवला. "हे सोडून बाकी सगळं आहे."

"हात नका ठेवू. पुसा."

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी खिशातून खोडरबर काढलं. ते चित्र त्यांनी किती दिवाळ्या गिरवलं होतं कोण जाणे, शिसं कागदात मुरलेलं होतं. पुसायला फार वेळ लागला. रबराचा चुरा तिच्या मांडीवर पडत होता, तो तिनं झटकला नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या नळ्या मधे कुठंच न पोचता तशाच सुटल्या.

"बरं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "ती नवी पोर हाय ना घरात, तिलापण नेणार असतील आता त्या माणसाकडं. तिला सांग. घरात वांझ कोण हाय ते कुणी बघितलंच न्हाय अजून, असं सांग तिला."

शब्द उच्चारला गेला होता. सरांनी तिच्याकडं बघितलं. नियम मोडला होता, आणि तिला बाहेर काढायची त्यांची हिंमत नव्हती. ते स्वतःच उठले, अंगणात गेले आणि उन्हात अनवाणी उभे राहिले. चपला दाराशीच होत्या. शंभर मोजून झाले असतील, दोनशेही झाले असतील, ते आत आले नाहीत. मीच चित्र गुंडाळलं आणि बाहेर आले.

सरांनी मला नोकरीवरून काढलं नाही, फक्त तो रकाना स्वतः भरायला लागले. चित्र पुन्हा भिंतीवर लावलं, पुसलेलं होतं तसंच. दिवाळी आली, त्यांनी पुरुषाचं चित्र गिरवलं आणि बाईचं सोडून दिलं. रोज सकाळी मला एकच विचारायचे, "सांगितलंस?" मी रोज नाही म्हणायचे. चौथ्या खोलीतली सासू मला नळावर दिसायची, माझी आई तिच्या शेजारी हंडा लावायची. त्या नव्या पोरीला एकटी गाठायला हवी, आज नको, उद्या बघू, असं करत मी दिवस ढकलत होते. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

मग एका सकाळी सासूच तिला घेऊन आमच्या लॅबमध्ये आली. "हिच्या अंगात रक्त किती हाय ते बघा. परवा साफ करायला न्यायचीय, त्या माणसानं मागितलंय." पोर एकोणीस-वीस वर्षांची असेल. खुर्चीकडं बघून थबकली, सासू उभी नि आपण बसायचं, हे तिला कळेना. सर म्हणाले, "बस बाळ." ती बसली. बसल्यावर समोर चित्रच येतं. सर सुई काढत होते, ती मान वाकडी करून चित्र बघत राहिली. मग बोट करून विचारलं, "ह्याच्यात मधी काय होतं? पुसल्यासारखं दिसतंय."

सासूनं मान फिरवली. सरांनी सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. ते काही बोलणार नव्हते, हे मला कळलं.

"वनिताचं गर्भाशय होतं," मी म्हणाले. माझा आवाज मला नीट ऐकू आला. "आणि त्याला काही झालेलं नव्हतं."